अकरा रिकामे रकाने

ते आज हयात आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. कुणी विचारलं तर एवढंच सांगते. "असतील की" असं म्हणत नाही, "गेले असतील आता" असंही म्हणत नाही. चेन्नईतल्या मैलापूरला, त्यांच्या घरी जाऊन मी पाहिलेलं नाही, आणि न पाहता सांगायची सोय त्यांनी माझ्यापुरती कायमची बंद करून टाकली आहे.

कारखान्यात सगळे त्यांना 'निल सार' म्हणत. इंग्रजीतला निल, म्हणजे काही नाही; आणि सार म्हणजे तमिळ तोंडातलं सर. तोंडावर नुसतं 'सार', पाठीमागे 'निल सार', आणि कँटीनवाला तोंडावरही 'निल सार'. तो चहाचा ग्लास पुढे करून म्हणायचा, "साखर नाही घातली, सार." ते एक घोट घ्यायचे, जिभेवर फिरवायचे, गिळायचे, आणि मग म्हणायचे, "निल." चाखल्याशिवाय नाही. रांगेतली पोरं हसायची. मीही हसायचे.

चेन्नईबाहेर ओरगडमला तेव्हा कारखाने नुकतेच उगवायला लागले होते. एका बाजूला बाभळी आणि म्हशी, दुसऱ्या बाजूला निळ्या पत्र्याच्या शेड. आमची कंपनी मूळची पुण्याची. पुण्यात जागा नाही, चेन्नईला जाता का, असं विचारलं तेव्हा मी हो म्हणून मोकळी झाले. घरी नंतर सांगितलं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. वडील सोलापूरच्या मार्केट यार्डात हमाल, आई विड्या वळायची. मी बीएस्सी, फिजिक्स, फर्स्ट क्लास. सही केली की पुढे स्वल्पविराम देऊन 'बीएस्सी' लिहायचे. कुणी हसलं तर हसू दे. तीन अक्षरांसाठी आईच्या बोटांची कातडी गेली होती.

अण्णा नगरला लेडीज हॉस्टेलात राहायचे. कंपनीची बस सकाळी साडेपाचला. निल सार वाटेत गिंडीला चढायचे, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचे, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत डबा, पंचा आणि सुतळीने बांधलेली एक जाडजूड डिक्शनरी. रोज न्यायचे, रोज आणायचे. सत्तरीच्या आसपास वय असेल. कुठल्याशा सरकारी कार्यालयातून तपासनीस म्हणून निवृत्त होऊन आमच्याकडे वर्षावर्षाच्या कराराने आले होते.

आम्ही ट्रकच्या ब्रेकच्या नळीला बसणारा पोलादी जोड करायचो. अंगठ्याएवढा. त्यावर केसासारखी चीर असली तर ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, भिंगाखाली धरावी लागते. प्रत्येक पेटीतून वीस नग उचलायचे, पाहायचे, आणि पत्रकात त्या पेटीच्या ओळीत दोषांचा आकडा लिहायचा. दोष नसला तर 'Nil'. हे आमचं काम, सकाळी सात ते दुपारी साडेतीन.

पहिल्या दिवशी मी वीस पेट्या पाहिल्या. खरंच पाहिल्या. पहिल्या ओळीत निल लिहिलं आणि तिथून खाली शेवटच्या ओळीपर्यंत एक उभी रेघ ओढून टोकाला बाण काढला. सगळीकडे असंच करतात. त्यांनी पत्रक हातात घेतलं आणि इंग्रजीत विचारलं, ही दोरी कसली?

"वरच्यासारखंच सगळं आहे सर, म्हणून."

"ही पेटी म्हणजे वरची पेटी नव्हे. पुन्हा पाहा."

"सगळ्या?"

"सगळ्या."

मी वळले आणि तोंडातल्या तोंडात मराठीत म्हणाले, काय कटकट आहे.

मागून मराठीत उत्तर आलं. "कटकट खरीच. पण तुझी कीं माझी?"

मी जागच्या जागी गार. ते तंजावरकडचे मराठी. त्यांची मराठी म्हणजे शब्द जुन्या कागदपत्रांतले आणि चाल तमिळ. वाक्य संपताना वर जायचं. 'मला' नाही, 'मज'. शून्याला 'पूज्य'. म्हणाले, तमिळातही पूज्यमच म्हणतात. आमच्या शाळेतले एक म्हातारे मास्तर तेवढे 'गणितात पूज्य' म्हणायचे, ते मी सांगितलं तर त्यांना कोण आनंद झाला. "म्हणजे तिकडे अजून आहे!" दोन दिवस कँटीनमध्ये ज्याला त्याला सांगत होते. कँटीनवाल्याला त्यात काय विशेष वाटणार? तो रोज पूज्यमच म्हणायचा.

निल म्हणजे शून्य एवढं मलाही येत होतं. त्यांचं म्हणणं, तेवढं पुरत नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सुतळी सोडून डिक्शनरी उघडली. पान लगेच सापडलं. तिथे ती आपोआपच उघडायची. त्यात लिहिलेल्याचा अर्थ त्यांनी मला मराठीत सांगितला: काहीही नाही, विशेषतः मोजणीचा किंवा खेळाचा निकाल म्हणून. 'निकाल' या शब्दाखाली पेन्सिलीने दोन रेघा.

"पाहिलेंस? निकाल. साहेब लोक फुटबॉलांत टू-निल म्हणतात. पण खेळ झाल्यावर. नव्वद मिनिटें धावल्यावर. मैदानांत उतरण्याआधीं निल नसतें, तेव्हां पाटी कोरी असते."

"मग झीरो?"

"झीरो गेज दाखवितो. काटा तिथें येऊन थांबतो, त्यास काय कळतें? निल माणसानें सांगायचें."

मी म्हटलं, सर, जेवा आता, डबा गार झाला. गार डबा जेवण्यात त्यांना काही वाटायचं नाही.

त्यांची पद्धत ठरलेली. चीर सापडली तर एकदा पाहून आकडा लिहायचे, लगेच. सापडली नाही तर चष्मा काढायचे, पंचाच्या टोकाने पुसायचे, पुन्हा घालायचे, आणि तेच वीस नग परत भिंगाखाली. त्यानंतर पेनाचं टोपण निघायचं. सापडलेलं एकदा पाहिलं तरी पुरतं म्हणायचे, न सापडलेलं दोनदा पाहावं लागतं. त्यामुळे माल जितका चांगला तितकं त्यांचं काम सावकाश. मॅनेजर डोक्याला हात लावायचा. चांगला माल करून आम्ही मरतोय म्हणायचा.

आणि न पाहिलेल्या पेटीसमोरचा रकाना ते रिकामा ठेवायचे. कोरा. त्याची त्यांना काही लाज नव्हती. "हात पोंचला नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. कोरें ठेवणें प्रामाणिक आहे."

एकदा सगळ्यांना वैद्यकीय माहितीचा फॉर्म आला. मधुमेह, रक्तदाब, दमा, अशी यादी. सगळ्यांनी भराभर निल, निल, निल लिहून दिलं. यांचा फॉर्म कोरा. पर्सोनेलची मुलगी तणतणत आली.

"सार, तुम्हाला शुगर आहे का?"

"माहीत नाही."

"मग निल लिहा ना."

"माहीत नाही म्हणतोय, तुम्ही निल लिहायला सांगताय."

"सार, सगळ्यांनी लिहिलंय!"

"त्यांनी पाहिलं असेल."

शेवटी कंटाळून कंपनीने त्यांना अण्णा नगरच्या एका लॅबमध्ये पाठवलं. चांगली सणसणीत साखर निघाली. बिनसाखरेचा चहा तेव्हापासूनचा. रिपोर्ट घेऊन ते त्या मुलीकडे गेले आणि तिला मनापासून थँक्यू म्हणाले. तिला वाटलं, थट्टा करताहेत.

त्यांच्या जुन्या कार्यालयातली एक गोष्ट ते नेहमी सांगायचे. दर महिन्याला वरून एक पत्रक यायचं: आवारात आढळलेले साप, संख्या. आवार मोठं, झाडी खूप, म्हणून कुणीतरी केव्हातरी सुरू केलेलं. सगळे निल लिहून पाठवायचे. हे मात्र महिनाअखेरीला काठी घेऊन कुंपणाच्या कडेने पूर्ण फेरी मारायचे आणि मग निल लिहायचे. बारा वर्षं. तेराव्या वर्षी एक धामण दिसली. त्यांनी 'एक' लिहिलं. आठ दिवसांत वरून पत्र: एक कसा, खुलासा करावा.

हे सांगताना ते इतके हसायचे की डोळ्यांतून पाणी यायचं. "बारा वर्षांत तें पत्रक कोणीं प्रथमच वाचलें गे! निल कोणी वाचत नाहीं. म्हणून तर खोटें लिहावयास तें सर्वांत सोपें."

त्यांच्या डोळ्यांतून तसंही पाणी यायचं. दुपारी दोननंतर जास्तच.

एका रविवारी त्यांनी मला मैलापूरला घरी बोलावलं. देवळामागची अरुंद गल्ली, दारात रांगोळी, आत दोन खोल्या. त्यांच्या बाईंनी मला पाहिल्याबरोबर हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि कॉफी उकळता उकळता नवऱ्याची गाऱ्हाणी सुरू केली. मराठी तीच, पण यांच्यापेक्षा चौपट वेगाने.

"ह्यांस कांहीं विचारूं नकोस हो. पाऊस आहे कां विचारलें तर रस्त्यावर जाऊन हात पसरितात. तांदळांत खडे आहेत कां म्हटलें तर परात घेऊन बसतात. त्या दिवशीं जेवण चार वाजतां!"

"खडे होते कीं नाहीं?" बाहेरून आवाज.

"एक होता!" बाई ओरडल्या. मग माझ्याकडे पाहून हळू आवाजात, "दांत तर ह्यांचेच पडावयाचे होते."

कॉफी पिताना मी सहज विचारलं. म्हणजे मला सहज वाटलं. "सर, तुमच्या हातून कधी झालं का? न पाहता निल?"

त्यांनी कॉफीची पितळी वाटी खाली ठेवली. आत बाईंचं भांड्यांचं वाजणं थांबलं, ते मला अजून आठवतं.

"एकदां," ते म्हणाले.

"मग काय झालं?"

"कांहीं नाहीं."

"म्हणजे वाचलात."

"कांहीं झालें असतें तर कळलें असतें, मी काय केलें तें. कांहींच झालें नाहीं. अजून कळलेलें नाहीं." आणि त्यांनी वाटी उचलून उरलेली कॉफी एका घोटात संपवली. मला तेव्हा ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटलं. बसची वेळ झाली म्हणून निघाले.

शिक्क्याचं प्रकरण त्याच सुमाराचं. काम लवकर उरकावं म्हणून मॅनेजरने 'NIL' असा रबरी शिक्का बनवून आणला, जांभळ्या शाईच्या पॅडसकट. सकाळी टेबलावर ठेवला, अकरा वाजता शिक्का गायब. मॅनेजर शोधत आला.

"शिक्का कुठे गेला?"

"माझ्याकडे आहे," निल सार म्हणाले.

"द्या."

"देतो. आधी ह्याचे डोळे कुठे आहेत ते दाखवा."

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. तो हसला आणि गेला. पण त्या वर्षी त्याचं हसणं कमी कमी होत चाललं होतं. माल वाढला होता, माणसं तेवढीच. फोन सारखा वाजायचा.

माझं तेव्हा काय चाललं होतं तेही सांगते. मी सहा महिन्यांची ट्रेनी म्हणून लागले होते आणि ते सहा महिने तीनदा वाढवून झाले होते. कायम झाले असते तर आईचं विडीकाम सुटलं असतं. तिची छाती तंबाखूने भरत आली होती. डॉक्टर म्हणाले होते, पान-तंबाखू घरातून बाहेर काढा. काढा म्हणजे काय, तेच तर घर होतं. कारखान्यात विड्या दिल्या की तिथला चेकर मूठभर उचलायचा आणि छाट म्हणून बाजूला फेकायचा. छाट म्हणजे नापास माल. लहानपणी मी आईबरोबर रांगेत असायचे. तो विडीकडे पाहायचाही नाही. बायकांशी गप्पा मारत हात चालवायचा. मला वाटायचं, शिकेन आणि याच्या जागी बसेन, आणि पाहीन. एकेक विडी पाहीन.

त्या दिवशी अठ्ठेचाळीस पेट्या जायच्या होत्या. साडेतीनला भोंगा झाला तेव्हा सदतीस झाल्या होत्या. सरांच्या डोळ्यांतून धार लागली होती. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

मॅनेजर म्हणाला, "सार, आज गेलंच पाहिजे. गाडी दारात आहे."

"सदतीस जाऊ देत. अकरा उद्या सकाळी. साडेनऊपर्यंत."

"अर्धा माल गिऱ्हाईक घेणार नाही."

"मग सगळा उद्या."

ते रोजच्यासारखं पत्रक घेऊन बसले, खालची कार्बनची प्रत फाडली, ड्रॉवरमध्ये ठेवली आणि पिशवी घेऊन बसकडे गेले. वरची प्रत टेबलावर क्लिपला. खालच्या अकरा ओळी कोऱ्या.

मी निघाले नव्हते. नाहीतर पुढचं झालंच नसतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं.

मॅनेजर माझ्या टेबलाशी आला. बसला नाही. "मॅडम, उद्या सकाळी तिकडची लाइन थांबेल. थांबली तर मी गेलो. निल पोट्टुडुंग." निल टाकून द्या.

"सर, पाहिल्या नाहीत त्या."

"किती दिवसांत चीर निघाली आहे सांगा. महिना झाला. माल चांगला आहे, तुम्हालाही माहीत आहे." बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न दिला. "तुमचं कन्फर्मेशनचं पत्र माझ्या टेबलावर आहे. धमकी देत नाही, मॅडम. आठवण करून देतोय. मलाही वर कुणीतरी आठवण करून देतं."

मी पहिली पेटी उघडली. एक नग, दोन, तीन, चार. चारही स्वच्छ. पुन्हा हॉर्न. मी पेटी बंद केली.

पहिलं निल लिहिताना हात थबकला. दुसरं वाकडं आलं. चौथ्यापासून हाताला सवय झाली. अकरावं मी मॅनेजरशी बोलता बोलता लिहिलं, त्याच्या मुलीच्या शाळेबद्दल काहीतरी. खाली सही केली, स्वल्पविराम, बीएस्सी. गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी ते आले. पंचाने टेबल पुसलं, क्लिपवरचं पत्रक उचललं. अकरा ओळींवरून त्यांचं बोट खाली खाली गेलं आणि माझ्या सहीवर थांबलं.

"पाहिलेंस कां?"

"हो."

त्यांनी चष्मा काढला. पंचाच्या टोकाने पुसला. पुन्हा घातला आणि माझ्याकडे पाहिलं.

"पाहिलेंस?"

"पाहिलं, सर."

त्यांनी पत्रक ठेवलं आणि नवं पत्रक घेतलं. बस्स, एवढंच. रागावले नाहीत, मॅनेजरकडे गेले नाहीत. फक्त त्या दिवसापासून ते माझ्याशी इंग्रजीत बोलू लागले.

आठवड्याने मला पत्र मिळालं. मी सोलापूरला फोन केला, शेजारच्या दुकानात. आई धापा टाकत आली. कायम झाले म्हटल्यावर तिला आधी कळलंच नाही, मग रडली. मग म्हणाली, "काम काय असतंय तुला आता?"

"तेच. माल बघायचा, चांगला का वाईट."

"बघून घेतीस न्हवं नीट? आमच्या त्या चेकरवानी करू नगंस, बाई."

"नाही गं," मी म्हटलं.

त्या पेट्यांचं पुढे काय झालं, विचाराल तर काही नाही. तक्रार आली नाही, माल परत आला नाही. ते जोड कुठल्या गाड्यांना बसले कोण जाणे. कितीतरी महिने बसमधून जाताना हायवेला एखादा ट्रक आडवा दिसला की मी खिडकीला नाक लावायचे. जणू तिथून मला दिसणार होतं. अजूनही मान वळतेच.

दोन महिन्यांनी त्यांच्या कराराची मुदत संपली आणि ती वाढवली नाही. सावकाशपणाचं कारण. माझा त्यात हात नव्हता. पण त्यांच्या जागी मला बसवलं, आणि त्यावर मी नाही म्हणाले नाही.

कुणी सोडून जातं तेव्हा त्याला एक कागद घेऊन सगळ्या खात्यांत फिरावं लागतं. स्टोअर, कँटीन, पर्सोनेल. प्रत्येकाने लिहून द्यायचं की या माणसाकडे आमचं काही बाकी नाही. तपासणी खात्याच्या ओळीवर सही माझी. ते कागद घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. मी बसा म्हटलं, बसले नाहीत. मी पेन घेतलं आणि रकान्यावर टेकवलं.

"पाहून लिही," ते म्हणाले. मराठीत. दोन महिन्यांनी.

त्यांनी ड्रॉवर ओढून पूर्ण बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. मी एकेक वस्तू यादीशी ताडून पाहिली. भिंग. दोन गेज. पोलादी पट्टी. कागदात गुंडाळलेला तो रबरी शिक्का. त्याच्यावर शाईचा डाग नव्हता, कधी वापरलाच गेला नव्हता. आणि कार्बन प्रतींचा गठ्ठा, दोऱ्याने बांधलेला. सगळ्यात वर त्या दिवसाची प्रत. सदतीस ओळी भरलेल्या, अकरा कोऱ्या.

"हें फाइलीस लाव."

"सर, हे लावलं तर..."

"फाइल आतां तुझी आहे."

मी रिकाम्या ड्रॉवरच्या कोपऱ्यांतून हात फिरवला. ते पाहत होते. हात बाहेर काढला, पुन्हा एकदा फिरवला. मग त्यांच्या कागदावर लिहिलं, निल. त्यांनी ते वाचलं, घडी केली, खिशात ठेवलं. दाराशी कँटीनवाला ग्लास घेऊन उभा होता. त्यांनी घोट घेतला, पण काही बोलले नाहीत. कँटीनवाला वाट पाहत राहिला.

मी ती प्रत फाइलीला लावली. माझ्या सहीच्या पत्रकाच्या बरोबर मागे. जो कुणी पान उलटेल त्याला दिसेल, एकात अकरा निल, दुसऱ्यात काही नाही. नोकरी जाईल तर जाऊ दे म्हटलं. त्याच दिवसापासून सहीपुढे बीएस्सी लिहिणं सोडलं.

वर्षभराने ग्राहक कंपनीचा ऑडिटर आला. एसीत बसला, ती फाइल मागितली, बोटाला थुंकी लावून पानं उलटली. ते पान आलं. उलटलं. पुढचं आलं. तेही उलटलं. शेवटी आपल्या कागदावर 'आढळलेल्या त्रुटी' या ओळीपुढे त्याने लिहिलं, निल.

मी विचारलं, "पाहिलंत?"

"पाहिलं की, मॅडम," तो म्हणाला.

आवाज मी ओळखला. माझाच होता.

मग मी ती दोन्ही पानं उघडून त्याच्यापुढे धरली. बोटाने दाखवलं. तो जरा वाकला, तारीख पाहिली, घड्याळ पाहिलं. म्हणाला, "मॅडम, जुनं आहे हे. तक्रार आली होती का? नाही ना? मग कशाला?" त्याची गाडी आली होती. मॅनेजर त्याला जेवायला घेऊन गेला.

पुढे केव्हातरी मुदत संपलेले कागद फाडायचा हुकूम निघाला. माझ्या सहीचं पत्रक मशीनमध्ये गेलं, त्याच्या शेवया झाल्या. कार्बनची प्रत मी पर्समध्ये घालून हॉस्टेलवर आणली. आईचं विडीकाम तोवर सुटलं होतं. खोकला सुटला नव्हता.

ती प्रत माझ्याकडे आहे. पदवीचं प्रमाणपत्र ज्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये आहे त्यातच, त्याच्या खाली. प्रमाणपत्र काढायची वेळ आता फारशी येत नाही, पण काढलं की ती दिसते. चेन्नईच्या दमट हवेत कार्बनची शाई टिकत नाही. सदतीस ओळींतलं सरांच्या हातचं निल पुसट होत चाललं आहे, उजेडाला धरल्याशिवाय वाचता येत नाही. खालचे अकरा रकाने होते तसेच आहेत.